पंप घेऊन दिलेली परीक्षा

कमल,

तू गेलीस आणि मला हायसं वाटलं. हे आधीच लिहून टाकते. रडले, नाही असं नाही, पण तेवढ्यापुरतंच. भेटायला आलेल्या बाया गळ्यात पडून म्हणाल्या, "आता एकट्या पडल्या हो तुम्ही." मी म्हटलं, "तिचा दम लागणं थांबलं ना, मग झालं." त्यांना ते आवडलं नाही. एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, "नणंद-भावजय ना त्या, असंच असते." मला ऐकू गेलं. माझे कान अजून चांगले आहेत, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

प्रशांत म्हणाला, "आई, आत्याबद्दल चार ओळी लिहून दे, तेरवीला वाचू." मी म्हटलं, जन्म कधी, लग्न कुठं, ते सगळं तू लिही. तू शिकलेला आहेस. मी चौथी शिकलेली बाई, मला तसलं येत नाही. मला तिच्याशी बोलायचं आहे, तेवढं बोलते. आवडलं तर वाच, नाही तर राहू दे.

तू रामटेकहून परत आलीस तेव्हा तुझ्याजवळ पत्र्याची एक पेटी होती. नवऱ्याकडे काय झालं ते कोणी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तुझे दादा म्हणाले, "राहू दे तिला." मी म्हटलं, "राहू द्या, पण काम करावं लागेल." तुला तेव्हा राग आला होता. तो राग तू माझ्यावर काढला नाहीस. दादांच्या मागे लागलीस, मला मिरची कुटायची मशीन घेऊन द्या म्हणून.

ती मशीन समोरच्या खोलीत बसली आणि आपल्या घराची शांतता गेली. लोखंडी मुसळं वरखाली व्हायला लागली की भिंतीवरचे देवांचे फोटो हळूहळू वाकडे व्हायचे. संध्याकाळी मी सगळे सरळ करायची, सकाळी परत वाकडे. होळी झाली की सक्करदऱ्यातल्या बायांची रांग लागायची. कोणाची भिवापुरी मिरची, कोणाची हळद, कोणाचा गरम मसाला. रांग मोडली की तू थैली उचलून मागे ठेवायचीस, मग ती बाई कोणाचीही असो.

तोंडाला ओला पदर बांधून तू मशीनपुढे बसायचीस. नुसते डोळे दिसायचे, तेही लाल. एकदा तू मला शिकवलं होतंस, "वहिनी, इथं पोटभर श्वास घ्यायचा नाही. नाकानं थोडासा घ्यायचा, अन् सोडून द्यायचा. मोठा घेतला का मेलीच समज." मोठा घेतला की खोकल्याची उबळ यायची आणि काम थांबायचं. तू ते शिकलीस आणि मग तुझं तेच श्वास घेणं झालं. उन्हाळा सरला, मशीन झाकून ठेवली, तरी तू तसाच घ्यायचीस. चिमणी पाणी पिते तसा.

मी एक गोष्ट बघितली होती, बोलले कधी नाही. घर दादांचं होतं, भाकर दादांची होती, मशीन मात्र तुझी होती. तिचं बटण तुझ्याशिवाय कोणी दाबलं नाही. दसऱ्याला तू तिला हळदकुंकू लावायचीस, हार घालायचीस. नवऱ्यानं टाकलेली बहीण म्हणून गल्लीत तुला कोणी ओळखत नव्हतं. तू मशीनवाली कमलाबाई होतीस. एवढी एक गोष्ट तुझी होती, आणि तीच पुढे माझ्या हातानं गेली. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

खोकला तर तुला पहिल्यापासून होता. मिरची कुटणारीला खोकला नसला तर नवल. पण मग दम लागायला लागला. बाजारातून येताना तू वाटेतल्या कोणाच्याही ओट्यावर बसायला लागलीस आणि वर म्हणायचीस, "जरा बोलावं म्हणून बसली." त्या घराला कुलूप असायचं, तरी. गल्लीतल्या डॉक्टरांनी निळा पंप दिला. दम लागला तरच घ्या म्हणाले. तू तो बडीशेपेसारखा घ्यायला लागलीस. तोवर तुझे दादा गेले होते. प्रशांतनं तुला ओढून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते.

"बीडी ओढता काय, मावशी?" त्यांनी विचारलं.

"अव बाप्पा! मी कायले बीडी ओढू?"

"चुलीवर स्वयंपाक केला?"

"तो तं सगळ्या जगानं केला."

"काम काय करता?"

तू पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागलीस. मी म्हटलं, "मिरची कुटते. घरीच मशीन आहे. कायमचीच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, नुसतं छातीला नळी लावून मला काही सांगता येणार नाही. दमा आहे, की नळ्या कायमच्या आकसल्या आहेत, की दोन्ही आहे, ते फुंकायच्या तपासणीतच कळेल. त्या दिवशी सकाळी पंप ओढू नका. आणि तपासणी खराब आली, तर मशीन बंद करावी लागेल.

बाकीचं तू ऐकलंस की नाही देव जाणे. शेवटचं वाक्य ऐकलंस. परत येताना आटोत एवढंच म्हणालीस, "मले पास व्हाच लागते."

तपासणीच्या दिवशी तू नवं पातळ नेसलीस. केसाला तेल लावलं. मी म्हटलं, "फोटो काढायचा आहे काय?" तू चप्पल घातलीस. दवाखान्यात पोचल्याबरोबर तुला संडासला जायचं होतं. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून फस्स असा आवाज आला. मग परत फस्स. मग परत. नळाचं पाणी सोडलं होतंस तू वरून, पण मिरचीच्या मशीनजवळ आयुष्य काढून ज्या बाईचे कान शाबूत राहिले, तिच्यापुढे नळाचं काय चालणार!

फुंकायची खोली लहान होती. तपासणी घेणारा माणूस मिशीवाला, पोट सुटलेला. आवाज असा की बाहेरची रांग दचकायची. टेबलावर डब्याएवढी मशीन, तिला नळी, नळीला पुठ्ठ्याचं तोंड. त्यानं तुझ्या नाकाला चिमटा लावला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मला हसू आलं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी दिसत होतीस.

"मावशी, ओठ घट्ट धरायचे. लंबी सास घ्यायची, एकदम फुल. मग जोरात फेकायची. मी सांगीन तोपर्यंत थांबायचं नाही. चला! घ्या घ्या घ्या... अन् फेका! फेका, फेका, फेका! और, और, और! थोडा और!"

रुतलेली बैलगाडी ढकलायला माणसं जमली की ओरडतात तसा तो ओरडत होता. पहिल्या वेळेला तू नळीतच हसलीस. दुसऱ्या वेळेला फुंकलंस, पण त्यानं मान हलवली. "मावशी, तुम्ही घेऊनच नाही राहिल्या. बादली भरलीच नाही, तं ओतान काय?"

"घेतली ना मी!"

"ही काय घेतली? हे तं चमचाभर झालं."

तुला खरंच वाटत होतं की तू पूर्ण घेतला. तुझा पूर्ण तेवढाच उरला होता. मी खुर्चीवरून म्हटलं, "कमल, इथं मिरची नाही उडून राहिली वं. घे बिनधास्त."

तू माझ्याकडे बघितलंस. मग घेतलास. तुझे खांदे वर गेले, छाती वर गेली, पातळाचा काठ वर सरकला. इतकी वर्षं एका घरात राहिलो, मी तुला असा श्वास घेताना कधी पाहिलं नव्हतं. मग तू तो फेकलास. तो मिशीवाला खूश झाला. "वा मावशी! आता असंच अजून."

मग त्यानं त्यांचं औषध दिलं, प्लॅस्टिकच्या डब्यातून ओढायला लावलं आणि बाहेर बसवलं. थोड्या वेळानं परत फुंकायचं होतं. औषधानं किती फरक पडतो, ते बघायचं असतं म्हणे. तू बाकावर बसलीस ती लग्नात मुलाकडच्या बाया बसतात तशी.

"कमल, पंप घेतला ना तू?"

"चूप बस वं."

"संडासात घेतला."

"चूप बस म्हटलं ना. भिंतीले कान असतात."

"भिंतीला नाही, मला आहेत."

परत फुंकून झालं. डॉक्टरांनी कागद बघितले. म्हणाले, "अरे, हे तर मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. थोडं कमी आहे, पण वयाच्या मानानं चालेल. मशीनचं आपण नंतर बघू."

तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. तू पदर नीट केलास आणि उठायलाच लागलीस. माझ्यापाशी तेवढाच वेळ होता, तुला खुर्चीतून उठायला लागेल तेवढा.

मी म्हटलं, "साहेब, हिनं पंप घेतला होता. इथं आल्यावर. एकदा नाही, तीन-चारदा."

तू खाली बसलीस.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. मग हसले. "मावशी, तुम्ही तर कॉपी केली."

"केली तं केली," तू म्हणालीस. "पास तं झाली ना मी!"

"मावशी, इथं कोणी पास-नापास होत नाही. पंप घेऊन फुंकलं तर मला पंपाचं काम दिसतं. तुमच्या नळ्या कशा आहेत ते दिसत नाही. दोन दिवसांनी या. बिनापंपाच्या."

बाहेर आलो आणि तू सुरू झालीस. आटोत सोबत दोन अनोळखी माणसं बसली होती, त्यांचीही तुला लाज वाटली नाही.

"तुह्या पोटात काहून दुखलं? तुले कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग? मशीन माही आहे. छाती माही आहे. तुहं काय गेलं होतं?"

"काही नाही."

"माह्याजवळ होतंच काय दुसरं? सांग. होतंच काय?"

  तुझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. माहीत असून मी बोलले.

दुसऱ्या वेळेला पंप मी माझ्या पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर. तू माझ्याकडे न बघता फुंकलंस. त्या दिवशी मिशीवालाही जास्त ओरडला नाही. डॉक्टरांनी कागदावरची रेघ आम्हाला दाखवली. चांगल्या छातीची रेघ टेकडीसारखी चढते आणि सरळ उतरते म्हणाले. तुझी जरा चढली आणि मग आत खचली, बाळाच्या झोळीसारखी. त्यांचं औषध घेतल्यावर थोडी वर आली, पण टेकडी काही झाली नाही. ते म्हणाले, "काही नळ्या औषधानं उघडतात, त्या आपण उघडू. काही आता उघडायच्या नाहीत, त्या तशाच राहतील. उरलंय ते सांभाळायचं. धूळ, धूर, मिरची, सगळं बंद."

मशीन कामठीच्या एका कुटुंबानं नेली. टेम्पोत चढवताना तू बाहेर आली नाहीस. त्या संध्याकाळी देवांचे फोटो सरळच होते आणि मला हाताला काही काम नव्हतं.

मग तू माझ्याशी बोलणं सोडलंस. आपल्याकडे तेव्हा ती करडी मांजर होती, मनी. तू जे काही असेल ते मनीला सांगायचीस. "मने, तुह्या मालकिणीनं आज वरणात मीठ नाही टाकलं." "मने, सांगून दे, मी आंघोळीले चालली." मीही मग मनीलाच उत्तर द्यायची. मांजर बिचारी एकदा तुझ्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. प्रशांत म्हणायचा, "मनीला पगार चालू करा." तो उन्हाळा तसाच गेला. कोणाच्या तरी थैल्या दारात यायच्या, आणि मी सांगायची, मशीन गेली, आता कुटत नाही. तू आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस.

मी तुझी माफी मागितली नाही. आताही मागत नाही. परत तीच वेळ आली, तर परत तेच सांगीन. तेव्हा गप्प बसले असते, तर तू मशीनपुढे ओल्या पदरात बसल्या बसल्या गेली असतीस, आणि सगळे म्हणाले असते, कमलाबाईचं सोनं झालं, कामात गेली. मला तुझं सोनं नको होतं. मला तू पाहिजे होतीस. घरात माझ्याशी भांडायला दुसरं होतंच कोण? सून चांगली आहे, पण ती भांडत नाही. मोबाईल बघते.

तुला त्या बायांनीच उठवलं. मशीन नसली, तरी मिरची घ्यायची कोणती, ते विचारायला त्या यायला लागल्या. तू दारात खुर्ची टाकून बसायला लागलीस, वारा पाठीकडून येईल अशी. वाळलेली मिरची कानाशी धरून हलवायचीस. बिया वाजल्या की म्हणायचीस, घे. नाही वाजल्या की म्हणायचीस, अजून दोन उन्हं दे. तू परत कमलाबाई झालीस. नुसती, बिनामशीनची. ओढायचं औषध रोजचं सुरू झालं होतं, ते ओढल्यावर चूळ भरायची तू विसरायचीस, मी आठवण द्यायची. मनीमार्फत. ओट्यावर न बसता तू बाजारातून घरापर्यंत यायला लागलीस. ते मी बघितलं. तूही बघितलंस की मी बघितलं.

गल्लीनं तेव्हाच तो एक रिवाज पाडला. कोणाच्या घरी मिरची भाजायची असली, ठेच्याला किंवा मसाल्याला, की ती बाई आधी दारात येऊन हाक द्यायची, "कमलाबाई, मिरची भाजून राहिली, खिडकी लावा होऽ!" मग मी उठायची आणि खिडकी लावायची. कोणी ठरवलं नव्हतं, पण नव्या सुनासुद्धा शिकल्या. आपल्या घरात मी मिरचीची फोडणीच बंद केली. प्रशांत महिनाभर कुरकुरला. मग सवय झाली.

पुढच्या वर्षी फुंकायला जायचा दिवस आला. मी चप्पल घालत होते. तू आतून आलीस, माझा हात धरलास आणि पंप माझ्या तळहातावर ठेवलास.

"ठेव तुह्यापाशी," तू म्हणालीस. "माहा भरोसा नाही मले."

वर्षभरानं तू माझ्याशी थेट बोललीस ते एवढंच. मांजर तिथंच बसली होती, पण तू तिच्याकडे बघितलं नाहीस. मी पंप पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "चल, आटो थांबला आहे." बस. बाकीच्या घरांत अशा वेळी काय बोलतात, मला माहीत नाही. आपल्यात झालं ते पुरलं.

त्यानंतर दर वर्षी तू पंप माझ्या हातात द्यायचीस, देवाजवळचा प्रसाद देतात तसा. आणि दवाखान्याच्या रांगेत तू पोलीस झालीस. शेजारी कोणी म्हातारा बसला की विचारायचीस, "काय गा, सकाळी पंप घेतला काय? खरं सांग." तो नाही म्हणाला, तर त्याच्या बायकोला विचारायचीस. एकदा एका बाबाला तू संडासच्या दारातून परत आणलंस. मिशीवाला म्हणाला, "मावशी, तुम्हाले इथं नोकरीच देऊन टाकतो." तू म्हणालीस, "पहिले तुहं ते गाडी ढकलल्यासारखं ओरडणं बंद कर, मंग येतो."

तुझी रेघ वर्षागणिक थोडी खचत गेली. पण सावकाश. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ सावकाश.

मग घरी हवेची मशीन आली, नाकाला लावायची नळीवाली. पहिल्या दिवशी तू तिच्याकडे पाठ करून बसलीस. दुसऱ्या दिवशी तिला बोट लावलंस. तिसऱ्या दिवशी मी बघते, तर तिला हळदकुंकू लागलेलं. "एक मशीन गेली, दुसरी आली वहिनी," तू म्हणालीस. "हिचा आवाज काहीच नाही म्हणा. फोटो वाकडे करायची हिची ताकद नाही."

शेवटच्या वेळी डॉक्टरांकडे तुला चाकाच्या खुर्चीतून नेलं. फुंकायचं तेव्हा बंद झालं होतं. आता त्यातून नवं काही कळायचं नाही, उगाच त्रास कशाला, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की पुढे फार दम लागला, तर दवाखान्यात भरती करायचं का, घशात नळी घालायची का. आणि हे विचारताना ते माझ्याकडे बघत होते. तुझ्या दादांना तशी नळी घातली होती. ते शेवटचे दिवस आपण दोघींनी काचेतून बघितले होते.

प्रशांत माझ्याकडे बघत होता. तूही बघत होतीस. त्याच खोलीत मी तुझ्या वतीनं एकदा बोलले होते. मी तोंड उघडलं नाही. तोंड बंद ठेवणं मला किती जड जातं, ते तुला माहीत आहे.

शेवटी म्हटलं, "तिला विचारा साहेब. तिला तोंड आहे."

तू नाकातली नळी सारखी केलीस. दोन श्वास घेतलेस, तुझ्या पद्धतीचे, लहान. म्हणालीस, "घरीच. नळी नाही."

डॉक्टर म्हणाले, "घरीच. मग घरी दम लागला तर त्रास कमी करायचं औषध मी देऊन ठेवतो." बाहेर आल्यावर प्रशांत माझ्यावर चिडला. "आई, तू काहून काही बोलली नाहीस?" मी म्हटलं, "विचारलं तिला होतं." तू खुर्चीत बसून हसत होतीस. खोकला येईपर्यंत हसलीस. तेव्हा बोलायचं होतं म्हणून बोलले, आता गप्प बसायचं होतं म्हणून बसले. यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी चहा पिताना तू म्हणालीस, "वहिनी, तू त्या दिवशी सांगतलं नसतं तं..."

आणि खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबला तेव्हा तू ते विसरली होतीस, किंवा विसरल्यासारखं केलंस. मी विचारलं नाही. 'तं मी केव्हाच मेली असती' की 'तं माही मशीन राहिली असती', दोन्ही तुझ्या तोंडी शोभलं असतं. मी रोज त्यातलं एक खरं धरून घेते. ज्या दिवशी तुझी आठवण गोड असते त्या दिवशी पहिलं. आज दुसरं घेतलं आहे, कारण आज मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू दुपारी गेलीस. समोरच्या खोलीत, जिथं मशीन होती तिथल्याच खुर्चीत. दम लागला नाही, धावपळ झाली नाही, डॉक्टरांनी दिलेलं औषध तसंच राहिलं. मी जवळ बसून मेथी निवडत होते. तू श्वास घेतलास, आणि सोडलास. तू कधी पूर्ण सोडायची नाहीस, थोडा मागे ठेवायचीस, मिशीवाला म्हणूनच ओरडायचा. त्या दुपारी सोडत राहिलीस, सोडत राहिलीस. माझ्या तोंडातून निघालं, "थोडा और." का निघालं, सांगता येत नाही. मग तू परत घेतला नाहीस. मी हातातली मेथी खाली ठेवली. हवेची मशीन चालूच होती. मी उठून तिचं बटण दाबलं. तुझ्या मशीनचं बटण मी पहिल्यांदा दाबलं, तेवढं माफ कर.

मला भीती होती ती तडफडायची. तू तडफडली नाहीस. म्हणून म्हटलं, हायसं वाटलं. आता ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटो.

काल एक गंमत झाली. समोरच्या घरातली सून दारात आली आणि सवयीनं हाक दिली, "कमलाबाई, मिरची भाजून राहिली, खिडकी ला..." आणि तिथंच थांबली. हात तोंडावर ठेवला. रडायलाच लागली पोरगी. मी खिडकीशी गेले होते, मीही सवयीनं. हात कडीवर होता.

मी म्हटलं, "भाज वं. भाज चांगली, काळी होऊ देऊ नको. खिडकी उघडी राहते आजपासून."

ती आत गेली. मीही आत गेले. हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या, लसूण टाकला, मीठ टाकलं. इतक्या वर्षांनी. दोन्ही घरांचा ठसका एकत्र होऊन खोलीत शिरला. मला असा खोकला लागला की डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. कोणी पंप शोधायला धावलं नाही. मी खोकत खोकत खिडकीत उभी राहिले आणि पोटभर श्वास घेतला. मग गरम भाकरीवर ठेचा घेऊन तुझ्या खुर्चीत बसून खाल्ला.

चांगला झाला होता, कमल. मीठ बरोबर होतं. मांजर असती तर तिच्याकडून सांगून पाठवलं असतं.